सार्वजनिक खरेदी आणि पुरवठा : एका उपेक्षित व्यवसायाची ओळख

अंदाजपत्रकात एखाद्या योजनेसाठी रक्कम मंजूर झाली म्हणजे ती योजना लोकांपर्यंत पोचली, असे होत नाही. त्या रकमेचे रूपांतर गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपात, शाळेतील बाकांत, दवाखान्यातील औषधांत किंवा एस.टी.च्या सुट्या भागांत व्हावे लागते. हे रूपांतर घडवून आणणारे काम म्हणजे खरेदी आणि पुरवठा. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येक कार्यालयात ते चालते. तथापि, त्यासाठी विशेष शिक्षणाची आवश्यकता असते ही जाणीव आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही. हिशेबासाठी लेखापाल हवा, बांधकामासाठी अभियंता हवा, हे सर्वांना पटते. खरेदीचे व भांडाराचे काम मात्र पुष्कळदा, त्या वेळी ज्याच्याकडे अन्य कार्यभार कमी असेल अशा कर्मचाऱ्याकडे सोपविण्यात येते. तो नियम वाचीत, जुन्या धारिका चाळीत आणि लेखापरीक्षेचे आक्षेप सोशीत हे काम शिकतो. त्याच्या या शिकण्याची किंमत शेवटी जनतेलाच मोजावी लागते.

जगातील अनेक देशांत आणि भारतातही खरेदी व पुरवठा हा आता एक स्वतंत्र व्यवसाय मानला जातो. त्याचे अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, व्यावसायिक संस्था आहेत आणि बढतीचे मार्गही आहेत. या व्यवसायाचे स्वरूप समजून घेणे तरुणांना वाट दाखविणाऱ्या शिक्षकांना जितके उपयुक्त आहे, तितकेच खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांना व पंचायत सदस्यांनाही आहे.

परंपरेतील दृष्टी

साठा आणि पुरवठा यांचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात कोष्ठागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सविस्तर सांगितलेली आहेत. वजनमापांची तपासणी, धान्याची घट, साठ्याची नोंद आणि अधिकाऱ्यांकडून होणारा अपहार हे सर्व विषय त्यात येतात. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर १६७० च्या दशकात शिवछत्रपतींनी चिपळूण भागातील छावणीच्या अधिकाऱ्यांना पाठविलेले पत्र या दृष्टीने आजही अभ्यासण्यासारखे आहे. पावसाळ्यासाठी कष्टाने जमविलेला दाणा व वैरण आताच बेहिशेबी खर्च केल्यास पुढे घोडी उपाशी मरतील, लष्करातील लोक गरजेपोटी रयतेच्या घरात शिरतील आणि राज्यावरचा रयतेचा विश्वास उडेल, असा इशारा त्यात दिलेला आहे. जळत्या वातीमुळे गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून घ्यावयाच्या काळजीचाही त्यात उल्लेख आहे. साठ्याचे नियोजन चुकले की त्याचा भार अखेर सामान्य माणसावर पडतो, हे तत्त्व त्या पत्रात स्पष्टपणे मांडलेले आहे.

एका दुर्घटनेचा धडा

खरेदीतील चूक केवळ पैशाच्या हानीपुरती मर्यादित राहत नाही, याचे दुःखद उदाहरण १९८६ मध्ये मुंबईतील जे. जे. रुग्णालयात घडले. रुग्णांना उपचार म्हणून देण्यात आलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले होते. त्यामुळे चौदा रुग्ण दगावले. या प्रकरणाच्या चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमण्यात आला. आयोगाच्या चौकशीत औषधाची खरेदी, त्याची तपासणी आणि औषध नियंत्रणाची यंत्रणा या सर्वच टप्प्यांवरील गंभीर दोष उघडकीस आले.

औषधी वापराचे ग्लिसरॉल आणि औद्योगिक वापराचे ग्लिसरॉल डोळ्यांना सारखेच दिसते. त्यांतील भेद मागणीपत्रात नेमकेपणाने लिहावा लागतो, पुरवठादाराकडून पाळून घ्यावा लागतो आणि माल आल्यावर प्रयोगशाळेत पडताळावा लागतो. यांपैकी एकही कडी सैल राहिली तर बाकीच्या कागदपत्रांची पूर्तता निरर्थक ठरते. खरेदी हा तांत्रिक ज्ञान आणि नैतिक जबाबदारी यांची सांगड घालणारा व्यवसाय आहे, असे म्हटले जाते ते याच अर्थाने.

पुढील काळात औषधखरेदीच्या पद्धतीत देशभर सुधारणा झाल्या. तामिळनाडू राज्याने १९९४ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. आवश्यक औषधांची यादी निश्चित करणे, स्पर्धात्मक निविदा मागविणे आणि प्रत्येक तुकडीतील औषध तपासल्यावरच ते रुग्णालयांना देणे ही त्याची पद्धत इतर राज्यांना मार्गदर्शक ठरली. महाराष्ट्रातही २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. अशा संस्थांचे यश त्यांच्या रचनेइतकेच तेथे काम करणाऱ्या प्रशिक्षित मनुष्यबळावर अवलंबून असते.

खरेदीच्या पायऱ्या

खरेदी म्हणजे दरपत्रके मागवून सर्वांत कमी दराला मान्यता देणे, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः दर पाहण्याची वेळ येते तेव्हा या कामाचा महत्त्वाचा भाग आटोपलेला असतो.

पहिली पायरी गरज निश्चित करण्याची. मागील वर्षीचा वापर किती होता, हाती साठा किती आहे आणि मागणी नोंदविल्यापासून माल येईपर्यंत किती काळ जातो, या तीन गोष्टींवरून किती व केव्हा खरेदी करावी हे ठरते. दुसरी पायरी विनिर्देश तयार करण्याची, म्हणजे वस्तूचे गुण, माप, प्रमाणके व चाचण्या लिहून काढण्याची. विनिर्देश सैल असेल तर निकृष्ट माल येतो. एकाच उत्पादकाला अनुकूल असा लिहिला तर स्पर्धाच संपते. तिसरी पायरी निविदेची. येथे पुरेशी मुदत व व्यापक प्रसिद्धी देणे आणि अटी सर्वांना समान ठेवणे आवश्यक असते. मोठ्या व तांत्रिक खरेदीत दोन लिफाफ्यांची पद्धत अवलंबितात. तांत्रिक लिफाफा आधी उघडून पात्रता पाहिली जाते आणि पात्र ठरलेल्यांचाच दराचा लिफाफा उघडण्यात येतो.

चौथी पायरी मूल्यमापनाची आणि पाचवी करारनाम्याची. सुरक्षा अनामत, पुरवठ्याची मुदत, विलंबासाठी दंड, हमीचा काळ आणि दुरुस्तीची जबाबदारी यांची स्पष्ट नोंद करारात असावी लागते. सहावी पायरी माल स्वीकारण्याची. मोजणी, तपासणी आणि साठा नोंदवहीतील नोंद ही कामे पूर्ण झाल्याशिवाय देयक अदा होता कामा नये. सातवी पायरी साठवणूक, वाटप आणि निरुपयोगी वस्तूंच्या निर्लेखनाची. कपाटात मुदत संपून गेलेले औषध किंवा खोक्यातच पडून राहिलेले प्रयोगशाळेचे साहित्य हे या शेवटच्या पायरीकडे झालेल्या दुर्लक्षाचे द्योतक असते.

स्वस्त आणि किफायतशीर

व्यावसायिक ज्ञानाचा लाभ कसा होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका ग्रामपंचायतीस पाणीपुरवठ्यासाठी पंप हवा आहे असे समजू. एका पंपाचा दर ६०,००० रुपये आणि तेवढेच पाणी देणाऱ्या दुसऱ्याचा ७२,००० रुपये आहे. परंतु दुसरा पंप तासाला एक युनिट वीज कमी घेतो. पंप रोज सहा तास चालला तर वर्षाला २,१९० युनिटांची बचत होईल. युनिटला सहा रुपये दर धरल्यास ही बचत १३,१४० रुपये होते. म्हणजे जादा दिलेले १२,००० रुपये वर्ष पुरे होण्यापूर्वीच वसूल होतात आणि पुढील प्रत्येक वर्षाची बचत ग्रामपंचायतीच्या पदरात पडते.

तथापि, येथे एक महत्त्वाची सावधगिरी बाळगावी लागते. निविदा उघडल्यानंतर हा हिशेब मांडून महाग पंप निवडता येत नाही. तसे केल्यास कमी दराच्या पुरवठादारावर अन्याय होतो आणि लेखापरीक्षेत आक्षेप येणे अटळ असते. विजेच्या वापराची कमाल मर्यादा विनिर्देशात आधीच लिहावी लागते किंवा वापराचा खर्च मूल्यमापनात कसा धरला जाईल, हे निविदेतच जाहीर करावे लागते. नियम हे काटकसरीच्या आड येतात अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. पुष्कळ प्रकरणी अडचण नियमांची नसते, तर निकष वेळेवर न लिहिल्याची असते. कोणता निकष केव्हा लिहावा, हे जाणणे हीच प्रशिक्षित खरेदी अधिकाऱ्याची खरी कसोटी होय.

साठ्याचेही स्वतंत्र शास्त्र आहे. एका वेळी किती माल मागविल्यास मागणीचा व साठवणुकीचा एकत्रित खर्च सर्वांत कमी येतो, याचे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये मांडले. रुग्णालयांत औषधांची विभागणी प्राणरक्षक, आवश्यक आणि इष्ट अशा तीन गटांत करण्याची पद्धत आहे. प्राणरक्षक औषध एक दिवसही संपता कामा नये. तिसऱ्या गटातील वस्तूंसाठी थोडे थांबले तरी चालते. किमतीनुसारही अशीच विभागणी करतात. थोड्याच वस्तूंवर बहुतांश रक्कम खर्च होत असल्याने त्या वस्तूंवर वरिष्ठांनी बारकाईने लक्ष ठेवावे, असा त्यामागील विचार आहे.

नियमांची चौकट

इंग्रजी राजवटीत भारत सरकारची मोठी खरेदी लंडनमधून होत असे. भारतातच खरेदी करणारा भारतीय भांडार विभाग १९२२ मध्ये स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर हे काम पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाकडे आले आणि त्याचे दरकरार देशभरातील कार्यालयांना परिचित झाले. ९ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्र शासनाने शासकीय ई-बाजारपेठ म्हणजे ‘जेम’ ही व्यवस्था सुरू केली. पुढे ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी ते महासंचालनालय बंद करण्यात आले.

केंद्राच्या खरेदीस सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू आहेत. कार्यक्षमता, काटकसर, पारदर्शकता, पुरवठादारांना समान वागणूक आणि स्पर्धेस उत्तेजन ही सार्वजनिक खरेदीची मूलतत्त्वे त्यांतील १४४ व्या नियमात नमूद केलेली आहेत. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांसाठी उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या निर्णयान्वये खरेदीची सुधारित नियमपुस्तिका लागू केली. तिच्यातील मर्यादांत व तरतुदींत वेळोवेळी बदल होत असल्याने प्रत्येक खरेदीपूर्वी अद्ययावत निर्णय पाहणे इष्ट ठरते. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांसाठी १९६८ ची, तर ग्रामपंचायतींसाठी २०११ ची लेखा संहिता आहे. मंजुरीची मर्यादा चुकविण्यासाठी एकाच मागणीचे तुकडे पाडणे हा सर्वत्र दोष मानला जातो आणि लेखापरीक्षेत तो सहज उघड होतो.

व्यावसायिक पात्रता

या क्षेत्रात शिरण्यासाठी एकच ठरावीक पदवी लागते असे नाही. वाणिज्य, अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कायदा अशा विविध शाखांचे पदवीधर येथे येतात आणि मूळ शिक्षणाला खरेदी व्यवस्थापनाच्या पात्रतेची जोड देतात.

भारतात या विषयातील प्रमुख व्यावसायिक संस्था म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट. तिचे मुख्यालय नवी मुंबईत बेलापूर येथे असून देशातील अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत. साहित्य व्यवस्थापनातील पदविका अभ्यासक्रम ती चालविते. नोकरीत असलेल्या व्यक्तींनाही काम सांभाळून ते पूर्ण करता येतात. मुंबईतील राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी शिक्षण संस्था, म्हणजे ‘निटी’, १९६३ मध्ये स्थापन झाली. उत्पादन व पुरवठा व्यवस्थापनाच्या शिक्षणात तिचे नाव आहे. २०२३ पासून ती मुंबईची भारतीय व्यवस्थापन संस्था म्हणून ओळखली जाते. शासकीय खरेदीपुरते शिक्षण हवे असणाऱ्यांसाठी फरिदाबाद येथील अरुण जेटली राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्थेत सार्वजनिक खरेदीविषयक प्रशिक्षण देण्यात येते. राज्यातील अधिकारी व कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याची यशदा ही संस्था आहे.

आंतरराष्ट्रीय पात्रतांपैकी दोन विशेष परिचित आहेत. ब्रिटनमधील खरेदी अधिकाऱ्यांच्या १९३२ च्या संघटनेतून विकसित झालेल्या ‘सिप्स’ या संस्थेस १९९२ मध्ये राजसनद मिळाली. तिच्या चौथ्या, पाचव्या व सहाव्या स्तरावरील पदविका क्रमाने पूर्ण करून तीन वर्षांचा जबाबदारीचा अनुभव दाखविल्यास संस्थेचे पूर्ण सदस्यत्व मिळते. अमेरिकेत १९१५ मध्ये खरेदी अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचेच आजचे रूप असलेली इन्स्टिट्यूट फॉर सप्लाय मॅनेजमेंट ही संस्था तीन परीक्षांवर आधारित व्यावसायिक प्रमाणपत्र देते. त्यासाठी पदवीधरांना तीन, तर इतरांना पाच वर्षांचा अनुभव लागतो. बहुराष्ट्रीय कंपन्यांत व आखाती देशांतील प्रकल्पांत काम करू इच्छिणाऱ्यांना या पात्रता विशेष उपयोगी पडतात. मात्र त्यांचे शुल्क परकीय चलनावर अवलंबून असल्याने प्रवेशापूर्वी एकूण खर्चाचा अंदाज घेणे हितावह होय.

सेवेतील वाटचाल

शासकीय व निमशासकीय सेवेत या कामाची सुरुवात साधारणतः लिपिक, सहायक भांडारपाल किंवा भांडारपाल या पदापासून होते. रुग्णालयांत औषधभांडाराची जबाबदारी औषधनिर्माण अधिकाऱ्याकडे असते. एस.टी. महामंडळाला दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांसाठी आणि आगारांसाठी असंख्य सुटे भाग सतत लागतात. एखादा लहानसा भाग वेळेवर न मिळाल्यास सुस्थितीतील गाडी आगारात उभी राहते. अशा संस्थांत भांडार शाखेला स्वतंत्र महत्त्व आहे ते यामुळेच.

अभियांत्रिकी पदवीधरांसाठी रेल्वेचे भांडार क्षेत्र हा जुना व मोठा मार्ग आहे. भारतीय रेल्वे भांडार सेवेतील अधिकारी अनेक वर्षे संघ लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून निवडले जात. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करून भारतीय रेल्वे व्यवस्थापन सेवा निर्माण करण्यास मान्यता दिली. त्यानंतर भरतीच्या पद्धतीत बदल होत गेले असल्याने उमेदवारांनी त्या त्या वर्षाची अधिसूचना पाहूनच तयारी करावी. सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमांतही साहित्य व्यवस्थापन ही स्वतंत्र शाखा असते. कोल इंडिया हे त्याचे एक उदाहरण.

खासगी उद्योगांत खरेदी सहायक, खरेदी अधिकारी, व्यवस्थापक आणि पुरवठा साखळीचा प्रमुख असा क्रम आढळतो. तेथे वाटाघाटी, पुरवठादारांचा विकास आणि आयातीचे ज्ञान यांना अधिक महत्त्व असते. शासकीय खरेदीत वाटाघाटींवर कडक बंधने असतात आणि प्रत्येक निर्णयाचे कारण लेखी नोंदवावे लागते. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाणाऱ्याने हा भेद प्रथम ओळखला पाहिजे.

कोणत्याही पदावर पात्रतेइतकीच सचोटी आवश्यक असते. सामान्य वित्तीय नियमांत सचोटीची संहिता स्वतंत्रपणे दिलेली आहे. पुरवठादाराशी हितसंबंध असल्यास तो आधी जाहीर करणे हा तिचा महत्त्वाचा भाग होय. व्यवस्थित ठेवलेली धारिका हे प्रामाणिक कर्मचाऱ्याचे सर्वांत मोठे संरक्षण असते. निर्णय का घेतला हे त्याच दिवशी लिहून ठेवणाऱ्यास अनेक वर्षांनंतर आलेल्या आक्षेपालाही उत्तर देता येते.

गावपातळीवरील उपयोग

प्रत्येक ग्रामपंचायतीत खरेदीचा पदवीधर असणे शक्य नाही. तशी आवश्यकताही नाही. मात्र सरपंच, सदस्य व ग्रामपंचायत अधिकारी यांना या शास्त्राची मूलतत्त्वे अवगत असणे अगत्याचे आहे. २४ एप्रिल २०२३ रोजी ई-ग्रामस्वराज ही पंचायतींची लेखाप्रणाली शासकीय ई-बाजारपेठेशी जोडण्याच्या व्यवस्थेचा आरंभ झाला. यंत्रणा संगणकावर आली तरी काय घ्यावयाचे आणि कोणत्या गुणवत्तेचे घ्यावयाचे, हे माणसालाच ठरवावे लागते. पथदिव्यांची मागणी नोंदविताना हमीचा काळ व दुरुस्तीची अट लिहिली नाही, तर ती उणीव कोणतीही प्रणाली भरून काढू शकत नाही.

शाळेतही हेच लागू पडते. पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घेताना पोत्यांची संख्या मोजण्याबरोबर वजन करणे, धान्याची प्रत पाहणे, आधी आलेला साठा आधी वापरणे आणि रोजची शिल्लक रोज नोंदविणे ही भांडारशास्त्राचीच तत्त्वे आहेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या पालक सदस्यांना ती समजावून दिल्यास मुख्याध्यापकांवरील भार हलका होतो आणि व्यवहाराविषयी गावात विश्वासही वाढतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना गणिताच्या तासाला शाळेच्या साठा नोंदवहीवरून मासिक वापराची सरासरी काढावयास सांगितल्यास या व्यवसायाचा पहिला परिचय त्यांना तेथेच होऊ शकेल.

कार्यालयप्रमुखांनाही काही गोष्टी स्वतःच्या अधिकारात करता येण्यासारख्या आहेत. खरेदीचे काम सोपविण्यापूर्वी संबंधित कर्मचाऱ्यास प्रशिक्षणास पाठविणे, काम चांगले आत्मसात केलेल्या व्यक्तीस तेथे पुरेसा काळ राहू देणे आणि वार्षिक मागणीचा आराखडा वर्षाच्या प्रारंभीच तयार करून घेणे ही त्यांतील प्रमुख होत. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून होणारी घाईची खरेदी हा नियोजनाच्या अभावाचा परिणाम असतो. त्या घाईत विनिर्देश अपुरे राहतात, स्पर्धा मर्यादित होते आणि माल तपासण्यास सवड उरत नाही. एप्रिलमध्ये तयार केलेला आराखडा हा यावरील साधा व बिनखर्चाचा उपाय होय.